वाडी आत की बाहेर

"हिच्यात सगळं आहे, पण कशात काय आहे ते नाय."

देसले सर फोनवर कोणाला तरी सांगत होते. माझी त्यांच्याकडे पाठ होती. आधी मला वाटलं, माझ्याबद्दलच चाललंय. ऑफिसात मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्याबद्दल असं काहीतरी म्हणत असतील हे मी धरूनच चालते. मग सर म्हणाले, "नाय मॅडम, फाइल उघडते. फाइलीला काय झालेलं नाय. सपाट आहे एवढंच." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आमचं ऑफिस शहापुरात, बियाणांच्या एका दुकानाच्या वर आहे. लोक आम्हाला वर्ड फाइली पाठवतात. आम्ही त्या फोनवर नीट वाचता येतील अशा करून देतो. म्हणजे प्रकरणावर बोट ठेवलं की प्रकरण उघडावं, त्यातल्या भागावर ठेवलं की भाग उघडावा. ऐकायला सोपं वाटतं. मलाही नोकरीला लागले तेव्हा सोपं वाटलं होतं.

फोनवर होत्या त्या शिल्पा मॅडम. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पाण्यावर काम करणारी एक संस्था आहे, तिथल्या त्या समन्वयक. संस्थेच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या विहिरी, झरे, बोअरवेल यांची माहिती लिहून आणली होती. कोणती विहीर कधी आटते, कुठलं पाणी प्यायचं, कुठलं फक्त गुरांना. हे सगळं स्वयंसेवकांच्या फोनवर हवं होतं. शिवाय प्रत्येक गावाचं एक पान छापून निघायला हवं होतं. ते पान त्या गावच्या ग्रामसभेत वाचायचं आणि त्यावरून ठराव करायचा: कुठली विहीर उपसायची, उन्हाळ्यात टँकर कुठे मागायचा. मुरबाडला स्वयंसेवकांचं प्रशिक्षण ठरलं होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत फाइल द्यायची होती.

आता 'सपाट' म्हणजे काय ते सांगते. वर्डमध्ये आपण हेडिंग देतो. मोठं हेडिंग, त्याहून लहान, त्याहून लहान. या फाइलीत पहिल्या पातळीचं हेडिंग तालुक्याचं होतं, दुसरं गावाचं, तिसरं पाड्याचं किंवा आळीचं, चौथं विहिरीचं. डोळ्यांना वाटतं की गाव तालुक्याच्या आत आहे आणि विहीर पाड्याच्या आत. पण आत काहीच नसतं. फाइलीच्या पोटात सगळे एकाच रांगेत उभे असतात: हेडिंग, पॅरा, पॅरा, हेडिंग, पॅरा. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी असते, 'मी हेडिंग दोन', 'मी पॅरा'. त्या चिठ्ठीला आम्ही टॅग म्हणतो. पण कोण कोणाचं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ते माणूस वाचताना मनात लावून घेतो. फोनला मन नसतं, म्हणून त्याला डब्यात डबा करून द्यावा लागतो. तालुक्याच्या डब्यात गावाचा डबा, त्यात पाड्याचा, त्यात विहिरीचा.

हे हाताने करत बसलं तर आयुष्य जाईल. त्यासाठी स्टाइलशीट लिहितात. स्टाइलशीट म्हणजे नियमांचा कागद. त्यात संगणकाला 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगायचं नसतं. 'तुला हे दिसलं तर असं कर' एवढंच सांगायचं असतं. त्या नियमांतून सपाट फाइल गेली की दुसऱ्या बाजूने डब्यात डबे घालून बाहेर येते.

काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी जो नियम लिहिला तो असा होता: प्रत्येक पॅराने मागे वळून पाहायचं आणि विचारायचं, माझ्या वरचं सगळ्यात जवळचं हेडिंग कोणतं? मी त्याचा. नियम चुकीचा नव्हता. पण एवढ्या मोठ्या फाइलीत प्रत्येक पॅरा मागे वळून चौकशी करत बसला की मशीन हाश्शहुश्श करू लागतं. मी रन दिला आणि चहाला गेले. परत आले तरी तो चालूच होता.

"काय गो सुजाता, मशीनला झोप लागली का?" शेजारच्या टेबलावरून रोशन म्हणाला. रोशन फोनवरची बाजू पाहतो. म्हणजे आम्ही डबे करून दिले की ते स्क्रीनवर कसे दिसतील ते त्याचं काम.

देसले सर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. ते मुरबाडमधल्या वैशाखऱ्याकडचे. मुंबईत बरीच वर्षं हेच काम करून परत आलेले. त्यांची एक सवय मला पहिल्यापासून आवडते. चूक दाखवायची असली की ते माउसला हात लावत नाहीत. माउस समोरच्याच्याच हातात ठेवतात आणि प्रश्न विचारतात.

"भात कापलं की शेतात काय करतात?"

मी स्क्रीनवरून नजर काढून त्यांच्याकडे वळले.

"सर, ती इंग्लिश मीडियमची आहे," रोशन म्हणाला. "तिला पेंढी गूगल करावी लागेल."

"पेंढी बांधतात," मी म्हणाले. "पेंढ्यांचा भारा. भाऱ्यांची उडवी रचतात."

"बास. मग पेंढी बांधताना प्रत्येक काडीला विचारतात का, तू कुठल्या उडवीतली म्हणून?"

मला हसू आलं. सरांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर सपाट फाइल उभी लिहिली. मग पेन्सिलने एक मोठा कंस काढला, तालुक्यापासून पुढच्या तालुक्याच्या आधीपर्यंत. "वरून चालत ये. तालुका दिसला की नवीन उडवी सुरू. पुढचा तालुका दिसेपर्यंत सगळं हिच्यातच. मागे बघायचं नाय. आता ही एक उडवी हातात घे. फक्त हीच. हिच्यात गाव दिसलं की नवीन भारा." कंसाच्या आत त्यांनी लहान कंस काढले, त्यांच्या आत आणखी लहान. "काम एकच आहे. फक्त पातळी एकेक उतरते. मग एकच काम चारदा कशाला लिवायचं?"

आणि त्यांनी एकदाच लिहिलं. एक छोटं फंक्शन. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, मजकुराचा गठ्ठा आणि पातळी. ते त्या पातळीच्या हेडिंगवर गठ्ठा फोडतं, प्रत्येक तुकड्याला डब्यात घालतं, आणि डब्याच्या आतला गठ्ठा पुन्हा स्वतःलाच देतं, पातळी एकने वाढवून. हेडिंगं संपली की थांबतं. माझ्या कोडला स्क्रीन खाली सरकवावी लागत होती. हे सगळं एका नजरेत मावत होतं. मी ते बराच वेळ बघत बसले. कोणी रांगोळी काढल्यावर आपण दारात उभे राहतो ना, तसं. शाळेत मला कोणी विचारलं असतं की कोड सुंदर असतो का, तर मी हसले असते.

रन दिला. मी कप विसळून येईपर्यंत झाला होता.

मग मी आउटपुट, म्हणजे नियमांतून बाहेर आलेली फाइल, वाचायला बसले. सरांचा नियम आहे की चाललं म्हणजे बरोबर आलं असं नाही, वाचल्याशिवाय पुढे द्यायचं नाही. वाचता वाचता मी काम विसरले. स्वयंसेवकांनी फार छान लिहिलं होतं. कोणी लिहिलं होतं, "पाणी गोड. होळीनंतर बादली आडवी करून भरावी लागते." म्हसा गावाजवळच्या कोणी, "या विहिरीवर जत्रेच्या दिवसांत बैल पाजतात, तेव्हा बायका दुसरीकडे जातात." मराठी वाचायला मला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

इतक्यात रोशन हसायला लागला. त्याने फाइल टेस्टच्या फोनवर टाकली होती आणि गावांची यादी उघडली होती.

"सर, हे बघा. एकाच नावाची किती गावं! बौद्धवाडी. खाली परत बौद्धवाडी. अजून खाली पण तीच. डुप्लिकेट आलीत. उडवू का?"

"हात लावू नको," सर म्हणाले. "उघड एक."

रोशनने एक उघडली. आत दोन विहिरी होत्या. दुसरी उघडली. तिच्यात एक विहीर आणि ओढ्यातला एक झरा. तिसरीत वेगळंच.

"डुप्लिकेट नायत," सर म्हणाले. "प्रत्येकीचं पाणी वेगळं आहे."

मी मूळ फाइल उघडली. मशीनची चूक नव्हती. त्या सगळ्या ठिकाणी 'बौद्धवाडी'ला दुसऱ्या पातळीचं, म्हणजे गावाचंच हेडिंग दिलं होतं. फंक्शनने इमानदारीने तिथे आधीच्या गावाचा डबा बंद केला आणि नवीन गाव सुरू केलं. त्यामुळे यादीत ती स्वतंत्र गावं झाली. नुसत्या बौद्धवाड्या, कुठल्या गावाच्या ते कळायला मार्ग नाही. आणि ज्या गावच्या त्या होत्या, त्या गावावर बोट ठेवलं तर आत गावठाण, आळ्या, पाडे सगळं होतं. वाडी नव्हती. एका गावाचं पान मला अजून आठवतं. 'पाणी बारमाही' असं त्यात आलं होतं, कारण गावठाणातली विहीर बारमाही होती. त्याच्या बौद्धवाडीतल्या विहिरीपुढे लिहिलं होतं, "पाडव्याला तळ." म्हणजे गुढीपाडव्यालाच विहिरीचा तळ दिसतो.

काही गावांत मात्र वाडी बरोबर आत होती, तिसऱ्या पातळीवर. म्हणजे सगळीकडे सारखीच चूक असती तर एका नियमात काम झालं असतं, तसंही नव्हतं.

सरांनी शिल्पा मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.

"हो, ते होणार," मॅडम म्हणाल्या. "आमचा गावातला मुलगा गावठाण फिरतो, आळ्या फिरतो. वाडीचं तो वाडीतल्याच कोणाला तरी सांगतो, तुमचं तुम्ही लिहून पाठवा म्हणून. मग वाडीचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो. टाइप करणारी मुलगी नवीन मेसेज आला की नवीन गाव धरते. काही ठिकाणी एकाच माणसाने सगळं लिहिलं, तिथे ते आत आलं."

"मग आत घेऊ का?"

"उद्या मी येतेच आहे तिकडे. समोरासमोर बघून ठरवू."

फोन ठेवल्यावर मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, सरळ आत घे. पण सर या बाबतीत पक्के आहेत. "पातळी आपण ठरवायची नाय," ते म्हणाले. "आज आपण एक ठरवली, उद्या दहा ठरवू. ज्याची फाइल त्याने सांगायचं. तू दोन्ही तयार ठेव."

सरांचा हा नियम मला पटतो. अंदाजाने केलेली दुरुस्ती नंतर कोणाला दिसत नाही, आणि न दिसणारी चूक सगळ्यात वाईट. पण त्या दिवशी मला तो नियम टोचला.

दोन्ही तयार ठेवायचं म्हणजे स्टाइलशीटच्या वर एक स्विच ठेवायचा: वाडी आत, हो किंवा नाही. 'हो' केलं की मुख्य फंक्शनच्या आधी आणखी एक फेरी होणार. त्या फेरीत वाडीचं हेडिंग एक पातळी खाली सरकणार. इथे एक अडचण होती. नुसतं वाडीचं हेडिंग सरकवून भागत नव्हतं. वाडीला गाव धरल्यामुळे तिच्या विहिरींना पाड्याची पातळी मिळाली होती. वाडी खाली आली आणि विहिरी तिथेच राहिल्या, तर विहिरी वाडीच्या बाहेर पडणार आणि तिच्याच बरोबरीच्या होऊन बसणार. म्हणजे वाडीसकट तिच्या आतलं सगळं एकेक पायरी उतरवायचं, पुढचं खरं गाव येईपर्यंत. दुसरी अडचण, 'वाडी' शब्द शोधून चालणार नव्हतं. आपल्याकडे नावातच वाडी असलेली खरीखुरी गावं आहेत. त्यांना कोणाच्या तरी आत ढकललं असतं तर त्यांनी आम्हाला सोडलं नसतं. म्हणून 'बौद्धवाडी' हा पूर्ण शब्द जुळला तरच, आणि वर त्याच तालुक्यातलं एखादं गाव असेल तरच.

मी ते लिहिलं. सरांच्या फंक्शनला हात न लावता, त्याच्या आधी. वर कमेंट टाकली. कमेंट म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप, मशीन ती सोडून देतं. मी लिहिलं: 'बौद्धवाडी हे वेगळं गाव नाही. गावाचा भाग आहे. विहीर वेगळी, गाव एकच.'

सकाळी सरांनी कोड तपासला. सगळा वाचला, एकदा रन करून पाहिला. "एकदम साफ आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे क्वचित निघतं. मग कर्सर कमेंटवर नेला.

"कमेंट बरोबर आहे. पण सुजाता, कमेंट आउटपुटमध्ये येत नाय."

एवढंच बोलून ते उठले.

शिल्पा मॅडम दुपारी आल्या. रोशनने फोन टीव्हीला जोडून यादी दाखवली. स्विच 'नाही'वर होता. मॅडमनी यादीतल्या सगळ्या बौद्धवाड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"बाई गं, हे काय दिसतंय! यातली कुठली कोणाची?"

"तेच विचारतोय आमी," सर म्हणाले. "गावाच्या आत घ्यायची की बाहेर ठेवायची? दोन्ही तयार आहे."

मॅडमनी विचार केला. त्या मनापासून काम करणाऱ्या बाई आहेत. कुठल्या पाड्यावर कुठल्या वाटेने चालत जायचं हे त्यांना पाठ आहे. "मला वाटतं वेगळीच ठेवू," त्या म्हणाल्या. "फक्त कंसात गावाचं नाव टाका, म्हणजे गोंधळ नको. तसंही वाडी ओढ्यापलीकडे असते, पाणी वेगळं असतं. आणि खरं सांगू का? आत घातली की ती गावाच्या पानात शेवटी कुठेतरी जाते. वेगळी ठेवली तर वाडीला स्वतःचं पान मिळतं. जरा मान मिळतो."

"नाव जोडायचं सोपं आहे," रोशन म्हणाला. "लगेच करतो."

सरांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. ज्याची फाइल त्याने सांगायचं होतं आणि मॅडमनी सांगितलं होतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी काही सुचवलं वगैरे नाही. माझ्या कोडबद्दल निर्णय होत होता, म्हणून पाहिलं असेल.

मॅडमचं म्हणणं चुकीच्या मनातून आलेलं नव्हतं, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं. कोणी वाईट बोललं असतं तर मी नेहमीसारखी गप्प बसले असते आणि घरी जाऊन जेवले असते. इथे कोणीच वाईट बोललं नव्हतं. फक्त संध्याकाळी फाइल जाणार होती, आणि त्या गावाच्या पानावर 'पाणी बारमाही' राहणार होतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. स्विच 'हो' झाला. फाइल संध्याकाळी वेळेवर गेली. प्रशिक्षणात कोणी काही विचारलं नाही, कारण गावावर बोट ठेवलं की वाडी आत होती आणि वाडीवर ठेवलं की तिची विहीर. बरोबर असलेल्या गोष्टीबद्दल कोणी फोन करत नाही, हे आमच्या धंद्याचं बक्षीस. त्या बारमाही गावाच्या ग्रामसभेत वाडीची विहीर उपसायचा ठराव झाल्याचं शिल्पा मॅडमनी नंतर सरांना कळवलं. सरांचं फंक्शन आम्ही अजून वापरतो, पुस्तकं बदलतात, ते बदलावं लागत नाही. आणि नवीन फाइल आली की मॅडम आता आधीच विचारतात, "यात कोण कोणाच्या आत आहे, ते बसून ठरवायचं का?" इतक्या सहज स्वतःचं मत बदलून नंतर त्याची आठवणही करून न देणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. रोशनने कीबोर्ड पुढे ओढला होता. ऑफिसात मी कुठली, हे तोवर मी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी फार खोदून विचारलंही नव्हतं. मी म्हणाले, "थांब रोशन." मग मॅडमकडे वळले.

"मॅडम, पान वेगळं केलं तर ते वाचणार कुठे? बौद्धवाडीची वेगळी ग्रामसभा नसते. ग्रामसभा गावाची असते आणि तिथे गावाचंच पान वाचतात. मी बौद्धवाडीतलीच आहे. आमची विहीर त्या पानावर शेवटी आली तरी चालेल, पण आत यायला पाहिजे."